किल्ले धारूर: तटाआधी पाणी पाहावं

१५६७ साली जपानात ओदा नोबुनागानं सैतो घराण्याचा इनाबायामा हा डोंगरी किल्ला जिंकला आणि त्या ठिकाणाला गिफू असं नवं नाव दिलं. त्याच सुमारास आपल्याकडे बालाघाटाच्या एका सोंडेवर विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी नवा किल्ला उभा करत होता. तोच बीड जिल्ह्यातला किल्ले धारूर. पुढे १६३१ मध्ये मुघलांनी तो घेतला आणि त्यांनीही नाव बदललं, फतेहाबाद. ते नाव कागदोपत्री राहिलं, लोकांच्या तोंडी धारूरच टिकलं.

नोबुनागा आणि किश्वरखान यांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण दोघांच्या डोक्याला सारखाच घोर होता. जपानात १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या हातून बंदूक पोचली होती. दख्खनमध्ये तोफा आणि बंदुका त्याआधीच रुळल्या होत्या. अशा काळात किल्ला बांधायचा म्हणजे भिंत किती रुंद ठेवायची, दार कुठल्या बाजूला वळवायचं, वेढा पडल्यावर आतल्या माणसांनी काय प्यायचं, हे सगळं नव्यानं ठरवावं लागत होतं. दोन्ही देशांनी आपापल्या मातीतून आणि दगडातून उत्तरं काढली. ती शेजारी ठेवून पाहिली तर धारूरचा किल्ला फार चांगला कळतो, असा माझा अनुभव आहे.

हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला आता मराठी घरांतही फोटोंतून ओळखीचा झाला आहे. नोकरीनिमित्त जपानला गेलेली मुलं आईवडिलांना बोलावून घेतात, तेव्हा क्योतो आणि हिरोशिमाच्या मध्ये हिमेजीला उतरणं ठरलेलं असतं. बाहेरून पाच मजली दिसणारा आणि आत तळघरासह सात पातळ्यांचा तो लाकडी मनोरा, ज्याला जपानी लोक तेन्शु म्हणतात, १६०९ मध्ये पुरा झाला. लोक त्याच्याकडे बघत राहतात, आणि ते साहजिकच आहे. पण या मनोऱ्यात सरदार राहत नसे. तो राहायचा खालच्या वाड्यांत. मनोरा होता टेहळणीसाठी, शस्त्रं आणि धान्य साठवण्यासाठी, शेवटच्या लढाईसाठी आणि दुरून धाक बसावा म्हणून. हिमेजीची खरी करामत मनोऱ्याच्या खाली, वळत जाणाऱ्या वाटांत आणि दारांत आहे.

धारूरला असा मनोरा नाही. राजवाडाही धड उभा नाही. त्यामुळे येणारी मंडळी दारातून आत शिरतात, 'आत काहीच नाही' म्हणतात, तटावर दोन फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीकडे वळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बघण्यासारखं तिथं पुष्कळ आहे. फक्त ते इमारतींत नाही. ते जागेच्या निवडीत, दाराच्या वळणात आणि सगळ्यात जास्त पाण्याच्या सोयीत आहे.

जागेपासून सुरुवात करू. बीडहून वडवणी, तेलगाव करत धारूरला यायला लागलं की तेलगावानंतर घाट लागतो. माजलगावहून केजकडे जाणाराही याच घाटानं वर येतो. खामगाव–पंढरपूर हा पालखीचा रस्ता इथूनच जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर, ट्रक भरभरून याच वळणांवरून पश्चिमेकडे निघतात. खाली गोदावरीच्या खोऱ्याची काळी सपाट जमीन, वर बालाघाटाचं पठार, आणि दोन्हींना जोडणारा हा चढ. चारशे वर्षांपूर्वी ट्रकऐवजी बैलांचे तांडे आणि फौजा होत्या, बाकी भूगोल हाच होता. ज्याच्या हातात हा काठ, त्याला खालचं खोरंही दिसतं आणि वरची वाटही अडवता येते.

पठाराची ही कड सरळ नाही. ओढ्यांनी ती आत आत कोरत नेली आहे, त्यामुळे पसरलेल्या पंजाच्या बोटांसारख्या सोंडा बाहेर आलेल्या आहेत. किल्ला अशाच एका सोंडेवर आहे. तीन अंगांना दरी, आणि चौथ्या अंगाला जिथं सोंड पठाराला चिकटलेली आहे तिथं खंदक. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या गिरिदुर्गांची सवय असलेल्या माणसाला हे चटकन उमगत नाही. गावातून जाताना चढ नावालाही लागत नाही, म्हणून हा भुईकोट वाटतो. तटावर जाऊन दुसऱ्या बाजूला डोकावलं की पायाखालची जमीन संपते. एका बाजूनं भुईकोट आणि तीन बाजूंनी गिरिदुर्ग, असा हा प्रकार आहे. बांधणाऱ्याचा खर्च यात केवढा वाचला! तीन बाजूंना निसर्गानं काम केलेलं, सगळी ताकद एका अंगावर लावायची. खंदक खोदताना निघालेला काळा दगड तिथंच तटाला लागतो, लांबून वाहून आणावा लागत नाही. दख्खनचे बहुतेक किल्ले असेच स्वतःच्या खंदकातून वर आलेले आहेत.

आता हा किल्ला इथंच का, याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती चक्क सोयरिकीची गोष्ट आहे. विजापूर आणि अहमदनगर या दोन शाह्यांनी विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं ठरवलं तेव्हा साटंलोटं झालं. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आंदणात सोलापूरचा किल्ला गेला, आणि अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा याला दिली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला. त्याच वर्षी हुसेन वारला, पोरसवदा मुर्तझा गादीवर आला आणि कारभार त्याची आई खुंजा हुमायून पाहू लागली. सामाईक शत्रू संपला होता, नगरच्या गादीवर मूल होतं. मग मेहुण्यानं मेहुण्याच्या सरहद्दीवर किल्ला बांधायला माणूस धाडला. तो माणूस किश्वरखान.

१५६९ मध्ये मुर्तझानं आईच्या हातातून कारभार काढून घेतला आणि लगेच धारूरवर चालून आला. पुढची हकिगत फिरिश्त्यानं लिहून ठेवली आहे. वाटेत किश्वरखानाचं एक लखोटाबंद पत्र मुर्तझाच्या हाती पडलं. त्यातल्या मजकुरानं तो असा खवळला की किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही म्हणाला, आणि घोडा थेट दरवाजाकडे काढला. वरून गोळ्या आणि बाण बरसत होते. मग एकाएकी मारा थांबला. आत जाऊन पाहिलं तर किश्वरखान बाण लागून मरून पडला होता आणि शिबंदी पळाली होती. हा फिरिश्ता तरुणपणी मुर्तझाच्याच दरबारी होता आणि पुढे विजापूरला जाऊन त्यानं इतिहास लिहिला, म्हणजे दोन्ही घरचं मीठ त्यानं खाल्लेलं. गोष्टीला थोडा रंग चढला असेलही. पण त्यातून एक कळतं. नव्याकोऱ्या बळकट तटामागचा किल्लेदार पडला की तट तसाच उभा राहतो आणि किल्ला मात्र जातो. किश्वरखानाला आपला किल्ला दोनच वर्षं लाभला.

धारूरच्या दारापाशी गेल्यावर ही हकिगत मनात ठेवावी आणि मुर्तझाच्या घोड्याच्या बाजूनं विचार करावा. समोरून येणाऱ्याला सरळ दार मिळू नये, यासाठी तेव्हाच्या स्थपतींनी काय काय केलं ते इथं दिसतं. तट दुहेरी. दाराच्या दोन्ही हातांना बुरूज पुढे आलेले, म्हणजे दाराला भिडलेल्या माणसावर दोन्ही कुशींतून मारा होतो. बुरुजांत आणि तटात जंग्या म्हणजे मारा करायची भोकं, तटाच्या माथ्यावर चर्या म्हणजे दगडी कंगोरे, मागे शिपायांना चालायला फांजी. जंगीपाशी नीट थांबून डोळा लावावा. काही जंग्या लांबवर बघतात, काही तिरप्या खाली, तटाच्या पायाकडे. भिंतीला बिलगून उभा राहिलेला शत्रू वरच्या शिपायाला दिसत नाही, म्हणून ही खालची नजर लागते.

हिमेजीत हाच विचार लाकडात आणि गिलाव्यात केलेला आहे. पांढऱ्या भिंतींत गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं आहेत, बंदुकीला एक आकार आणि धनुष्याला उभट दुसरा. भिंतीच्या कोपऱ्यांना बाहेर काढलेल्या फटी आहेत, त्यांतून खालच्या माणसावर दगड सोडता येत. दारांना तिथं जपानी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं आहेत, आपण क, ख, ग म्हणू तशी, आणि वाट मनोऱ्याकडे जाता जाता मध्येच त्याच्यापासून दूर वळते. नवख्याला वाटावं आपण चुकलो. पण हिमेजीवर कधी लढाई झालीच नाही. तिथली सगळी हुशारी कागदावर राहिली, आणि म्हणूनच ती आज इतकी नीटस दिसते. धारूरच्या दगडांनी मारा सोसलेला आहे. तटाला पडलेलं खिंडार आणि घासलेल्या कडा बघताना हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता पाणी. बीड जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात, तोही चार महिन्यांत, आणि त्यात मधे लांबलांब उघडीप. पाण्यासाठी वणवण म्हणजे काय, हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. अशा मुलखात, तेही उंच काठावर, शेकडो माणसं, घोडे आणि बैल महिनोन्‌महिने कोंडून ठेवायचे तर किल्ला बांधणाऱ्यानं पहिली रेघ तटाची काढून चालत नाही, पाण्याची काढावी लागते. धारूरला गेल्यावर तीच रेघ शोधत फिरावं.

बालाघाट बसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला आहे. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि झिजलेले. पावसाचं पाणी वरून मुरतं, सच्छिद्र थरातून आडवं सरकतं आणि खालच्या घट्ट थरानं अडलं की दरीच्या कडेला पाझरतं. हे पाझर जिथं आहेत तिथं विहीर किंवा टाकं खोदलं तर उन्हाळ्यातही पाणी राहतं. शिवाय किल्ल्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस उतारानं एका बाजूला नेऊन हौदात घेता येतो. दरीत बांध घालून पाणी अडवलं की ते पिण्याच्या कामाला येतं आणि शत्रूच्या वाटेतही उभं राहतं. दख्खनच्या स्थपतींना हे तिन्ही उपाय पाठ होते. धारूरला आत हौद आहेत, आणि किल्ल्याच्या अंगाखाली तलाव आहेत.

किल्ल्यात गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशी दोन नावं चालत आलेली आहेत. दिंडी म्हणजे लहान दार, मोठा दरवाजा बंद ठेवून ये-जा करायचं. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, आणि दोन्हींकडे उतरायला वेगळी वाट, अशी ही सोय. दोन पाणी वेगळी ठेवण्यातला व्यवहार बघा. गोडं पाणी माणसांच्या पिण्याचं. खारवट पाणी जनावरं, धुणं, बांधकाम यांच्या कामाचं. वेढ्यात गोड्या पाण्याचा प्रत्येक हंडा वाचवायचा असेल तर आधीपासून वापर वाटून ठेवावा लागतो. मी ज्यांना ज्यांना धारूर दाखवलं त्यांना आधी या दिंड्यांकडे नेलं. तिथून खाली बघताना किल्ला एकदम बोलायला लागतो. पाणी भरणारी माणसं कुठून उतरत असतील, त्यांच्या डोक्यावर पहारा कुठून राहत असेल, शत्रूनं हीच वाट गाठली तर काय, असे प्रश्न आपोआप पडतात, आणि तटाची प्रत्येक वळणवाट त्या प्रश्नांचं उत्तर म्हणून दिसू लागते.

जपानमध्ये पाणी मुबलक, त्यामुळे तिथं ही चिंता नसेल असं वाटतं. पण कुमामोतोचा किल्ला पाहा. तो बांधणारा कातो कियोमासा कोरियाच्या स्वारीत १५९७-९८ च्या हिवाळ्यात उल्सानच्या किल्ल्यात कोंडला गेला होता. तहान आणि भूक यांपायी त्याच्या माणसांवर घोडे मारून त्यांचं रक्त प्यायची पाळी आली. तो वाचला, परत आला आणि कुमामोतोला किल्ला बांधताना त्यानं आत शंभराहून जास्त विहिरी खोदल्या. बसायच्या चटयांतसुद्धा वेळप्रसंगी खाता येतील असे वाळवलेले देठ भरले, अशी तिथली प्रसिद्ध आठवण आहे. किल्ला १६०७ मध्ये झाला आणि त्याचा कस लागला तो थेट १८७७ मध्ये, सात्सुमाच्या बंडखोरांनी वेढा घातला तेव्हा. जवळजवळ पन्नास दिवस वेढा चालला, किल्ला पडला नाही. ज्यानं तहान भोगली त्यानं बांधलेला तो किल्ला होता.

धारूरचा दुसरा मोठा वेढाही तहानेच्याच वर्षांतला. १६३० मध्ये दख्खन आणि गुजरातेत पावसानं दगा दिला आणि दोन वर्षं भयंकर दुष्काळ पडला. शहाजहान स्वतः बुऱ्हाणपूरला मुक्काम ठोकून होता. त्याच्याविरुद्ध बंड करून निजामशाहीच्या आश्रयाला आलेल्या खानजहान लोदीचा पाठलाग करत त्याचा सरदार आझमखान बीडच्या मुलखात उतरला आणि तिथून धारूरला आला. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या बादशहानाम्यात या किल्ल्याचं वर्णन आहे. मजबुती आणि दारूगोळ्यासाठी दख्खनभर गाजलेला, डोंगराच्या कडेवर बांधलेला, दोन बाजूंना चढता न येणाऱ्या खोल घळी असलेला किल्ला, असं तो सांगतो. किल्ल्यालगत पेठ होती आणि तिथं आठवड्याचा बाजार भरे, त्याला दूरदूरची गावं येत. आझमखानानं आधी पेठ धरली, मग किल्ल्यावर नेट लावला. जानेवारी १६३१ मध्ये किल्ला पडला. किल्लेदार सिद्दी सालीम होता.

पुढची घटना मला जास्त बोलकी वाटते. धारूर घेतल्यावर आझमखानानं परांड्याला वेढा घातला, पण भोवतालच्या कित्येक कोसांत जनावरांना काडी मिळेना. वेढा उठवून त्याला मागे धारूरकडे यावं लागलं. मुघलांची तोफ परांड्यासमोर चालली नाही ती वैरणीअभावी. आपण किल्ल्यांच्या लढायांचा इतिहास तलवारी आणि तोफांचा म्हणून वाचतो. मराठवाड्यात तो पुष्कळदा चाऱ्याचा आणि पाण्याचा इतिहास आहे.

धारूरला जाणाऱ्या मराठी माणसानं आणखी एक नाव आठवायला हवं, नेताजी पालकर. १६६६ च्या सुरुवातीला नेताजी शिवाजी महाराजांपासून दूर जाऊन विजापूरकरांना मिळाले आणि तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्यांना मुघलांकडे वळवलं. विजापूरची मोहीम फसून जयसिंगांची फौज याच भागात मागे आलेली. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. आता त्यांचा जुना सरनोबत आपल्या छावणीत मोकळा ठेवणं औरंगजेबाला परवडणारं नव्हतं. ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूरला नेताजींना कैद झाली आणि उत्तरेकडे रवानगी झाली. तिथं त्यांचं धर्मांतर झालं, महंमद कुलीखान या नावानं काबूलकडच्या मोहिमेवर जावं लागलं. १६७६ मध्ये ते परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. दहा वर्षांच्या त्या फरफटीची पहिली रात्र या काठावर गेली. प्रतापगड, पन्हाळा इथं ज्या भावनेनं लोक जातात त्या भावनेनं धारूरला कुणी जाताना दिसत नाही, याची खंत वाटते.

तटाजवळ जाऊन दगडाच्या सांध्यांत बघा. आपल्याकडे घडीव काळे दगड आणि त्यांत चुना. जपानी किल्ल्यांच्या चौथऱ्याचे दगड चुन्याशिवाय रचलेले असतात. मागे लहान गोट्यांचा जाड भराव असतो, त्यातून पावसाचं पाणी निचरून जातं, आणि भूकंपात भिंत थोडी हलून पुन्हा बसू शकते. भिंतीचा उतार तळाशी मंद आणि वर जाता जाता उभा होत जातो. कुमामोतोला तर तो इतका उभा होतो की चढणारा निम्म्यावर अडकतो. तरी २०१६ च्या भूकंपात तिथल्या भिंती जागोजाग ढासळल्या, आणि पडलेला प्रत्येक दगड जुन्या फोटोंशी ताडून, क्रमांक घालून मूळ जागी बसवायचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. आपल्या शेजारी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं चिरडली, तेव्हा सांध्यात काय भरलं आहे यावर जीव कसा अवलंबून असतो हे मराठवाड्यानं पाहिलं आहे. धारूरच्या तटाचा चुना अजून पुष्कळ ठिकाणी दगड धरून आहे. त्याच्या डागडुजीला चुनाच लागतो. सिमेंट जास्त कडक असतं, ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा जुना दगड फोडतं.

जपाननं आपले किल्ले फार जपले असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. १६१५ मध्ये सत्ताधारी तोकुगावा घराण्यानं एका प्रांतात एकच किल्ला असा हुकूम काढला आणि शेकडो किल्ले पाडले गेले. १८७३ मध्ये मेइजी सरकारनं उरलेल्यांतले बहुतेक मोडीत काढले. हिमेजीचा लिलाव झाला, तो अवघ्या तेवीस येन आणि काही सेनला गेला, आणि पाडायचा खर्च झेपेना म्हणून वाचला. १८७८ मध्ये नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्यानं तो राखावा म्हणून वर अर्ज केला, तेव्हा कुठे दुरुस्तीला पैसे मिळाले. दुसऱ्या महायुद्धात शहर जळालं, किल्ल्यावर पडलेला बाँब फुटला नाही. आज जुन्या काळापासून उभे असलेले मनोरे जपानभर फक्त बारा आहेत. ओसाकाचा मनोरा, ज्याच्यासमोर आपले पर्यटक सर्वांत जास्त फोटो काढतात, तो १९३१ चा, काँक्रीटचा.

म्हणून धारूरसाठी हिमेजीपेक्षा ताकेदाचं उदाहरण मला जवळचं वाटतं. ह्योगो प्रांतात साडेतीनशे मीटर उंच डोंगरावर ताकेदा किल्ला आहे. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तो ओस पडला. मनोरा नाही, वाडा नाही, छप्पर म्हणून काही नाही, फक्त दगडी चौथरे आणि तट. शरद ऋतूत पहाटे खालच्या दरीत धुकं साठतं आणि ते चौथरे ढगांवर तरंगल्यासारखे दिसतात. ते पाहायला देशभरातून माणसं येतात. गर्दीनं दगड हलू लागले तेव्हा ठरलेल्या वाटेनंच चालायचं, असा नियम घातला गेला. तिथं नवं काही बांधलं नाही. जे आहे ते का बांधलं हे येणाऱ्याला समजेल अशी व्यवस्था केली. धारूरलाही एवढंच हवं आहे. तटात रुजलेले पिंपळ-वड वेळच्या वेळी काढणं, हौदांतला गाळ उपसणं, आणि दारापाशी एक मोठा नकाशा, ज्यात तट नंतर आणि पाणी आधी दाखवलेलं असेल.

जायचं तर पाऊस सरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी ते डिसेंबरपर्यंत जावं. तलावांत पाणी असतं, दऱ्या हिरव्या असतात आणि घाटात बालाघाटाची सीताफळं विकायला बसलेल्या बाया असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते याच खडकाळ उतारांवरचं फळ आहे. पिण्याचं पाणी सोबत घ्यावं, पायात बूट असावेत. तटाच्या कडेला दगड सुटलेले आहेत, मुलांना हाताशी धरावं. आत शिरण्याआधी बाहेरून खंदकाच्या काठानं थोडं चालावं, म्हणजे सोंड कुठं तोडली आहे ते दिसतं. मग दार, मग माथ्यावरचे हौद, मग दोन्ही दिंड्या. तीन तास हाताशी ठेवावेत. घाट अरुंद आहे, वाहनं जड असतात, तेव्हा अंधार पडायच्या आत उतरलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर बीडजवळची खजाना विहीर चुकवू नये. ती मुर्तझा निजामशहाच्याच काळातली, ज्यानं रिकिबीत पाय ठेवून धारूर घेतला त्याची. बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली आणि कारागीर म्हणून राजा भास्कर हे नाव सांगतात. गोल बांधीव विहीर, आणि जमिनीखालून काढलेला पाट. मोट नाही, रहाट नाही, उतारानं पाणी आपोआप वाहत शेतांपर्यंत जातं. धारूरच्या दिंड्या आदल्या दिवशी पाहिलेल्या असतील तर विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर आधी डोळे त्या पाटाची दिशा आणि उतार शोधू लागतात.